ब्रुनफेल्सिया, ब्रुगमान्सिया आणि रातराणी : पुण्यातल्या गच्चीवर वर्षभरानंतर

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीसाठी तीन झाडं आणली होती: ब्रुनफेल्सिया, ब्रुगमान्सिया आणि रातराणी. तिन्ही एकाच कुळातली, म्हणजे वांगी, बटाटे, मिरची, तंबाखू आणि धोतरा ज्या कुळात येतात त्या सोलॅनेसीतली. तिघींचं मूळ अमेरिका खंडातल्या उष्ण कटिबंधात. आता दुसरा पावसाळा लागलाय, एक अख्खा उन्हाळा तिन्ही झाडांनी काढलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. नर्सरीतून आणल्यावर पहिला महिनाभर कुठलंही झाड छानच दिसतं, त्यावर काही ठरवू नये.

आधी ब्रुनफेल्सियाबद्दल, कारण खरं सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच. नर्सरीत हिला 'यस्टरडे टुडे टुमॉरो' म्हणतात, बागकामाच्या जुन्या पुस्तकांत फ्रान्सिसिया असं नाव सापडतं. आपल्याकडे जास्त करून मिळते ती पॉसिफ्लोरा ही मोठ्या फुलांची जात, मूळची ब्राझीलची. एकाच झुडपावर जांभळी, फिकट जांभळी आणि पांढरी फुलं एकाच वेळी दिसतात, म्हणून लोक घेतात. फोटोत हे सुंदर दिसतं, पण रोज सकाळी जवळ जाऊन पाहण्यात जी गंमत आहे ती फोटोत येत नाही.

कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी छत्री मिटावी तशी पाकळ्यांची पिळदार घडी असते, टोकाला गडद जांभळी. सकाळी फूल उघडतं तेव्हा ते सपाट, पाच पाकळ्यांचं, कडा किंचित लाटदार. मधोमध नळीचं इवलंसं तोंड आणि त्याभोवती पांढरं कडं. पहिल्या दिवशी रंग इतका गडद की सावलीत निळसर वाटतो. दुसऱ्या दिवशी तो फिकटतो, पण सगळीकडे सारखा नाही, शिरांच्या कडेने थोडा जास्त वेळ टिकून राहतो. तिसऱ्या दिवशी फूल पांढरं. पाकळीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य झाड स्वतःच मोडून टाकतं, त्यामुळे हा बदल होतो. ढगाळ, गार दिवसांत जांभळा रंग जास्त टिकला. मार्चअखेरच्या उन्हात मात्र सकाळचं गडद फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळपास पांढरं झालेलं असायचं. म्हणून ज्यांना तिन्ही रंग एकत्र हवेत त्यांनी दुपारच्या उन्हापासून झाड वाचवावं. माझी कुंडी पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला आहे. सकाळी अकरापर्यंत ऊन, नंतर टाकीची सावली. ही जागा तिला पूर्ण मानवली.

बहराचं सांगायचं तर डिसेंबर-जानेवारीत झाड अगदी मलूल होतं. पानं पिवळी होऊन गळतात, फांद्या उघड्या पडतात. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये, उलट कमी करावं. फेब्रुवारीच्या शेवटी शेंड्यांना कळ्यांचे झुबके आले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत झुडूप भरून होतं. पावसाळ्यात पुन्हा थोडी फुलं येतात, पण खरा बहर तो वसंतातलाच. फुलं फांदीच्या टोकाला येत असल्यामुळे छाटणी बहर संपल्या संपल्या करायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कात्री लावली तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. वाढ अतिशय सावकाश आहे. वर्षभरात झाड फार तर वीतभर उंच झालं असेल, भरलं मात्र चांगलं. चौदा इंची कुंडी अजून दोन वर्षं सहज पुरेल.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा. आमच्या सोसायटीत पावसाळा आणि हिवाळा कॉर्पोरेशनच्या पाण्यावर निघतो, मार्चपासून बोअर आणि टँकर. धरणाचं पाणी मऊ असतं, बोअरचं क्षारांनी भरलेलं. माझ्याकडच्या क्षार मोजायच्या छोट्या मीटरवर नळाचं पाणी शंभराच्या आत दाखवतं आणि टँकरचं सातशेच्या वर. ऐन बहरात, एप्रिलच्या सुरुवातीला, नवी पानं पिवळी यायला लागली. पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्यागार, अगदी जाळी काढल्यासारख्या स्पष्ट. जुनी खालची पानं ठणठणीत. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. नत्र कमी असतं तेव्हा आधी जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड नत्र जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकतं. लोहाचं तसं होत नाही, ते एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून नवी पालवी उपाशी राहते. मातीत लोह नसतं असं नाही, पण बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतल्या मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि असलेलं लोह मुळांना घेता येत नाही.

माझी नणंद सावंतवाडीला असते. तिने हेच झाड, त्याच नर्सरीतून, माझ्याबरोबरच नेलं होतं. तिच्या अंगणात जांभ्याची लाल माती, आणि पाणी विहिरीचं पण मऊ. फोनवर विचारलं तर म्हणाली, "वहिनी, मी त्याला काहीच घालत नाही. पालापाचोळा पडतो तो तसाच राहू देते." तिच्या झाडाची पानं पाहिली तर गडद हिरवी, तकतकीत. कोकणातली माती आम्लधर्मी, ब्रुनफेल्सियाला हवी तशीच. पुण्याकडची काळी माती चुनखडीची, सामू साडेसात-आठच्या घरात. त्यामुळे देशावर राहणाऱ्यांनी हे झाड काळ्या मातीत लावू नये, हे मी ठामपणे सांगेन. माझ्या कुंडीत लाल माती, कोकोपीट, पानांचं खत आणि मूठभर नीमपेंड आहे. नणंदेने काही न करता जे मिळवलं ते मला इथे पाण्यावर लक्ष ठेवून मिळवावं लागतं, एवढाच फरक.

उपायांपैकी काय चाललं ते सांगते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त आहे आणि पंपाने पानांवर हलकं फवारलं की आठवड्यात फरक दिसतो. पण मातीत घातलं तर क्षारयुक्त पाण्यामुळे ते लवकरच निकामी होतं. शिवाय फरशीवर सांडलं तर गंजाचे डाग पडतात ते जात नाहीत. चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, घेताना पाकिटावर नीट वाचावं. ईडीटीए असलेलं सामू सातच्या पुढे गेला की टिकत नाही, ईडीडीएचए असलेलं टिकतं. ते महाग आहे, पण चिमूटभर पुरतं. पाण्यात टाकलं की पाणी गडद लाल होतं, हीच त्याची ओळख. मी ते मातीतच दिलं आणि मे महिन्यात आलेली पालवी पुन्हा हिरवी होती. त्याच्या जोडीला उन्हाळाभर दहा लिटरच्या बादलीत अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व घालून ते पाणी दिलं. त्याने पाण्यातलं बायकार्बोनेट बरंच कमी होतं. आता पावसाचं पाणी पिंपात साठवते आहे, ते या झाडासाठी राखून ठेवणार. कुणी मला विचारलं की ब्रुनफेल्सिया घेऊ का, तर मी आधी विचारते की तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी कुठलं येतं. ऊन-सावली, खत हे सगळं नंतर.

कीड फारशी नाही. पावसाळ्याच्या शेवटी कळ्यांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण झाला होता, जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढला आणि नीम तेल फवारलं, पुन्हा आला नाही.

वासाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. नर्सरीत झाडाला 'सुवासिक' अशी चिठ्ठी होती. माझ्या झाडाला वास जवळजवळ नाही, नाक अगदी फुलाला लावलं तर थोडासा. मोठ्या फुलांच्या पॉसिफ्लोराचं हे असंच असतं. वास हवा असेल तर लहान फुलांची, दाट येणारी जात घ्यावी. दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. म्हणून झाड फुलावर असताना घ्या आणि वास घेऊनच घ्या.

ब्रुनफेल्सिया हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते ओटो ब्रुनफेल्स जर्मनीतले. १५३० मध्ये त्यांचं वनस्पतींचं सचित्र पुस्तक निघालं, आणि त्यातली चित्रं जुन्या चित्रांवरून न काढता खरी झाडं समोर ठेवून काढलेली होती, वाळलेली आणि किडकी पानंसुद्धा तशीच दाखवून. ब्राझीलचं हे झाड त्यांनी कधी पाहिलं असणं शक्य नाही, तरी रोज बदलणाऱ्या फुलाला त्यांचं नाव मिळालं हे मला फार आवडतं.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. घरात कुत्रा असेल तर हे झाड त्याच्या आवाक्यात ठेवू नका. झाडाचे सगळे भाग विषारी आहेत, आणि फळं-बिया तर कुत्र्यांच्या बाबतीत फारच धोक्याच्या. खाल्ल्यावर उलट्या, थरथर, मग झटके येतात, आणि ते बराच काळ टिकू शकतात. माझ्या झाडाला फळं क्वचितच धरली, पण हिरवी गोटी दिसली की मी लगेच तोडून टाकते. शेजारच्या काकूंचा कुत्रा अधूनमधून गच्चीवर येतो, म्हणून कुंडी स्टँडवर आहे आणि काकूंना झाड दाखवून ठेवलं आहे.

ब्रुगमान्सियाचा अनुभव निराळा. लांब, खाली लोंबणारी कर्ण्यासारखी फुलं, रात्री सुटणारा दाट वास. धोतऱ्याची बहीणच, पण धोतऱ्याचं फूल वर तोंड करून असतं आणि फळ काटेरी, हिचं फूल लोंबतं आणि फळाला काटे नसतात. ऑक्टोबर ते जानेवारी झाड अप्रतिम होतं. फेब्रुवारीनंतर मात्र दोन वेळा पाणी देऊनही दुपारी पानं लोळायला लागली, आणि मार्चमध्ये लाल कोळी या किडीने पानांची चाळण केली. हिच्या बहुतेक जाती अँडीज पर्वताकडच्या, गार हवेच्या. महाबळेश्वर-पाचगणीला ती जितकी खुलतात तितकी पुण्याच्या गच्चीत खुलणार नाहीत. मेमध्ये मी कुंडी पाचगणीच्या एका परिचितांकडे पाठवली आणि त्यांच्या अंगणात ती सावरली आहे. ब्रुगमान्सियाच्या सगळ्या जाती आज निसर्गातून नामशेष मानल्या जातात. रानात त्यांची आपोआप वाढणारी रोपं सापडत नाहीत, माणसांनी फांद्या लावून लावून त्या टिकवल्या आहेत. हे कळल्यापासून मला ते झाड टाकून देणं शक्यच नव्हतं. छाटताना हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. तिच्या रसात धोतऱ्यासारखीच द्रव्यं आहेत, डोळ्यात गेला तर बाहुली मोठी होऊन तासन्‌तास अंधुक दिसतं. पान, फूल, बी काहीही पोटात जाता कामा नये.

रातराणी सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावर थोडक्यात. कुंडीत जगते, पण तिचा जीव जमिनीतच रमतो. वर्षातून चार-पाचदा एकदम बहरते, आठवडाभर संध्याकाळी सातनंतर सगळी गच्ची भरून टाकते, मग काही आठवडे गप्प. खिडकीखाली ठेवू नका, सासूबाईंना त्या वासाने डोकं दुखायचं, म्हणून मी ती दूरच्या कोपऱ्यात हलवली आणि आता त्यांनाही आवडते. वासाने साप येतात हे ऐकून पुष्कळजण ती लावत नाहीत. सापाला त्या वासाचं काही आकर्षण नाही. दाट झुडूप, खाली ओलावा आणि बेडूक असले तर तो कुठल्याही झाडाखाली येईल. बुंध्याजवळची जागा मोकळी ठेवावी, म्हणजे झालं. तिचाच भाऊ 'दिन का राजा' कुंपणाला लावतात, पण गाई-शेळ्या असलेल्यांनी तो लावू नये. त्याच्या पानात ड जीवनसत्त्वाचं तीव्र रूप असतं, आणि ती खाणाऱ्या जनावरांच्या रक्तवाहिन्यांत, स्नायूंच्या बंधांत कॅल्शियम साचत जातं. जनावर हळूहळू लंगडतं, खंगतं, आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

तिन्हींपैकी पुण्यातल्या गच्चीसाठी मी निवडीन ती ब्रुनफेल्सियाच. दीडशे-दोनशे रुपयांत मिळते, आठवड्यातून एकदा नीट पाहिलं तरी पुरतं, आणि बहर आला की रोज सकाळी चहाआधी गच्चीवर जावंसं वाटतं. या पावसाळ्यात दोन गुटी कलमं बांधली आहेत, धरली तर एक शेजारच्या काकूंच्या मुलीला, तिच्याकडे कुत्रा नाही.

मला अजून एक जात हवी आहे: कॅरिबियन बेटांवरची ब्रुनफेल्सिया अमेरिकाना. फुलं पांढरी उमलतात, मग पिवळसर होतात, आणि वास रात्री येतो. पुणे-सातारा भागात कुणाकडे ती असेल आणि बोअरच्या पाण्यावर तिचे दोन उन्हाळे निघाले असतील, तर तिची पालवी एप्रिलमध्ये कशी दिसते ते मला जरूर सांगा. फांदी मिळाली तर त्याबदल्यात माझ्या जांभळ्या ब्रुनफेल्सियाची गुटी देईन.