एकाच नावाचे दोन रिसीव्हर निस्तरताना: 'टेक' अजून का ठेवलाय

जीपीएस मोजणीच्या फायलींत दोन रिसीव्हरांना (उपग्रहांचे संकेत टिपणाऱ्या यंत्रांना) एकच नाव पडलं असेल, तर ते निस्तरायला मी आजही 'टेक' वापरते. अमेरिकेतल्या उनाव्को या भूविज्ञान संस्थेत लू एस्टी यांनी लिहिलेला हा कमांडवर चालणारा प्रोग्राम. शेवटची आवृत्ती फेब्रुवारी 2019 मध्ये आली आणि पुढचं काम थांबलं. रायनेक्स म्हणजे कोणत्याही कंपनीच्या रिसीव्हरची मोजणी एकाच पद्धतीने लिहायचा फाइलचा साचा; त्याची 3 ही नवी आवृत्ती टेकला कळत नाही. तरी ज्यांच्याकडे रायनेक्स 2 मधला जुना डेटा साठलाय, त्यांनी टेक काढून टाकू नये असं माझं ठाम मत आहे.

आधी दुखणं काय ते सांगते. फील्डवरची माणसं रिसीव्हर लावतात, फायली माझ्याकडे येतात आणि बेसलाइन, म्हणजे दोन बिंदूंमधलं नेमकं अंतर आणि दिशा, मी काढते. रिसीव्हरमध्ये नाव भरायचं राहिलं, की तो मागच्या कामाचं नाहीतर मुळात आलेलं नाव तसंच पुढे चालवतो. एका मॉडेलचे दोन असले की दोघेही 'बेस' (BASE). रायनेक्स 2 मध्ये फाइलच्या नावात बिंदूच्या नावासाठी चारच जागा असतात. पुढे वर्षातला कितवा दिवस ते तीन आकड्यांत, मग सत्राचं एक अक्षर, ठिपक्यानंतर वर्षाचे दोन आकडे आणि शेवटी ऑब्झर्व्हेशनचा, म्हणजे निरीक्षणांचा, 'ओ'. म्हणजे 14 फेब्रुवारीला दोन्ही रिसीव्हर चालले, तर दोन्ही फायलींत तोच 'बेस', तोच 045, सगळं हुबेहूब सारखं. एका फोल्डरमध्ये ओतल्या की दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसते आणि कुणाची तरी दिवसभराची मोजणी पुसली जाते. रोमन अक्षरं आणि आकडे धरले तर चार जागांत 16,79,616 नावं बसतात. नावांची वानवा कधीच नव्हती.

फाइल पुसली गेली तर निदान ती नाही हे कळतं. मला जास्त धास्ती दुसऱ्या प्रकाराची वाटते. दोन्ही फायली वेगवेगळ्या फोल्डरमधून सुखरूप येतात, प्रोसेसिंगमध्ये स्थानावरून वेगळ्याही ओळखू येतात, पण अँटेनाची उंची (ती खुणेपासून किती वर आहे ते) मात्र नावावरून लावली जाते. फील्डबुकात एका 'बेस'पुढे 1.482 मीटर आणि दुसऱ्या 'बेस'पुढे 1.615 मीटर. अदलाबदल झाली की आडवे आकडे छान जुळतात आणि उंची 13.3 सेंटीमीटरने चुकते. रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कामात एवढा फरक म्हणजे थेट पाण्याच्या उताराशी खेळ. म्हणून नाव दुरुस्त करणं हे वरवरचं साफसफाईचं काम आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आता प्रोग्रामकडे. टेकची पहिली खुबी म्हणजे त्याचा मेटा पर्याय. फाइल दिली की बिंदूचं नाव, रिसीव्हरचा सिरीयल नंबर, मॉडेल, अँटेनाचा नंबर, अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची, सुरुवातीची आणि शेवटची वेळ एकाखाली एक ओळीत मांडून देतो. मी फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर तो एकेक करून चालवते आणि निकाल एका तक्त्यात घेते. मग निर्णय सोपा होतो. नाव एक, वेळा एकमेकींवर चढलेल्या आणि सिरीयल नंबर वेगळे, तर ती दोन यंत्रं आहेत, नाव बदलायलाच हवं. नाव एक, सिरीयल नंबरही एक आणि वेळा एकमेकींवर चढलेल्या, तर कुणीतरी फाइलची प्रत काढून ठेवलीय. एक यंत्र एका वेळी दोन ठिकाणी उभं राहत नाही. नाव एक, सिरीयल एक, वेळा वेगळ्या आणि स्थान शेकडो मीटर हललेलं, तर यंत्र पुढच्या बिंदूवर नेलं पण नाव बदललं नाही. हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात सहज नजरेतून सुटतो.

कधी सिरीयल नंबरची जागा रिकामी असते, कधी अंदाजी स्थानाच्या जागी तीन शून्यं. मग नेव्हिगेशन फाइल (उपग्रहांच्या कक्षांची माहिती असलेली) सोबत देऊन टेकची गुणवत्ता तपासणी चालवावी, तो स्थान स्वतः काढून देतो. असं स्थान काही मीटर इकडेतिकडे असतं, पण दोन बिंदूंमध्ये अर्ध्या किलोमीटरचं अंतर असेल तर कोणती फाइल कोणत्या बिंदूची हे ओळखायला ते भरपूर झालं.

दुसरी खुबी खुद्द नाव बदलण्यात. वजा चिन्ह, मोठा 'ओ', ठिपका, मग 'एमओ', पुढे नवं नाव, एवढंच लिहायचं. रिसीव्हरचा नंबर भरायचा तर 'एमओ'च्या जागी 'आरएन', अँटेनाचा नंबर भरायचा तर 'एएन'. प्रत्येक रिसीव्हरसाठी हे पर्याय एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. माझ्याकडे प्रत्येक सिरीयल नंबरची अशी एक फाइल आहे, त्यामुळे दरवेळी हाताने टाइप करताना आकडा चुकायची भीती उरत नाही.

यावर कुणी विचारेल, की हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडून नाव बदललं तर काय बिघडलं? बिघडतं. हेडरच्या प्रत्येक ओळीत पहिले 60 रकाने माहितीचे आणि 61 पासून पुढे त्या ओळीची ओळख. 'बेस'च्या जागी लांब नाव घालताना पुढच्या तेवढ्या रिकाम्या जागा खोडल्या नाहीत, तर 'मार्कर नेम' ही खूण उजवीकडे सरकते आणि वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ती ओळच सापडत नाही. काही सॉफ्टवेअर अशा वेळी गुपचूप फाइलच्या नावातली पहिली चार अक्षरं उचलतात. तिथे अजून 'बेस'च असतो, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. टेक रकाने बिनचूक सांभाळतो. शिवाय फाइल कोणत्या प्रोग्रामने कधी तयार केली ती ओळ नवी लिहिताना जुनी ओळ टिप्पणी म्हणून खाली ठेवतो. काही वर्षांनी कुणी विचारलं की हे नाव कधी बदललं, तर उत्तर त्या फाइलमध्येच मिळतं. मला हा गुण फार मोलाचा वाटतो. मोजणीच्या कागदावर खाडाखोड केली तर सही लागते, तशी ही आपोआप पडणारी सही आहे.

दोषही आहेत आणि ते लहान नाहीत. टेक आपलं उत्तर पडद्यावर सोडतो; ते फाइलमध्ये वळवणं आपलं काम. वळवताना मूळ फाइलचंच नाव दिलं, तर टेकने वाचायला सुरुवात करण्याआधीच कमांड शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ती फाइल रिकामी करतो. निकाल नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावा आणि रिसीव्हरमधून निघालेल्या मूळ कच्च्या फायलींना हातही लावू नये. दुसरं, एका कमांडीत दोन ऑब्झर्व्हेशन फायली दिल्या की त्या सलग जोडायच्या आहेत असं तो धरून चालतो. एकाच नावाच्या दोन यंत्रांच्या बाबतीत हे अगदी नको ते. तिसरं, तो हेडर बदलतो, फाइलचं नाव नाही. ते आपणच बदलायचं, आणि दोन्ही जागी नाव एकच ठेवायचं. चूक दाखवणारे संदेशही तुटक असतात, नवख्या माणसाला त्यातून फारसा बोध होत नाही. नवीन मुलांना शिकवताना पहिला वेळ त्या संदेशांचा अर्थ लावण्यातच जातो.

रायनेक्स 3 आलं की टेक बाजूला ठेवून मी 'जीएफझेडरायनेक्स' घेते. पॉट्सडॅमच्या जीएफझेड संशोधन केंद्राचा हा प्रोग्राम. रायनेक्स 3.02 पासूनच्या लांब नावांत बिंदूच्या ओळखीला नऊ जागा मिळाल्या: चार अक्षरी नाव, मग खुणेच्या दगडाचा क्रमांक, मग रिसीव्हरचा क्रमांक आणि शेवटी देशाची तीन अक्षरं. त्यातली सहावी जागा पाहून मला मनापासून बरं वाटलं. एकाच दगडावर दोन रिसीव्हर चालले तरी आता त्यांना वेगळं ओळखायची सोय नावातच आहे. शिवाय सुरुवातीची वेळ मिनिटापर्यंत येते, त्यामुळे एकाच दिवसाची दोन सत्रं एकमेकांवर बसत नाहीत. हा प्रोग्राम हेडरमधली माहिती वाचून असं लांब नाव स्वतः तयार करतो, आणि हेडर बदलायचे नियम एका वेगळ्या फाइलमध्ये बिंदूवार लिहून ठेवता येतात. मोठ्या साठ्यावर काम करताना टेकच्या कॉन्फिग फायलींपेक्षा हे कितीतरी सुटसुटीत पडतं. मात्र व्यावसायिक कामासाठी परवाना घ्यावा लागतो, ते आधी पाहून घ्यावं.

देशाची अक्षरं आणि ते दोन क्रमांक आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाहीत. दोन्ही रिसीव्हरांच्या फायलींवर एकच ठरावीक कमांड चालवली तर सहावी जागा दोघांनाही शून्य मिळते आणि नऊ अक्षरांचं नाव पुन्हा जुळं होतं. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत असं घडताना पाहिलंय. म्हणून सिरीयल नंबर आणि सहाव्या जागेचा आकडा यांची जोडी कामाच्या पहिल्या दिवशी ठरवून फील्डबुकाच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी, आणि काम संपेपर्यंत ती कुणीही बदलू नये.