गणिताचा गट-अहवाल: भाग वाटून घ्यायचे, पाळीने लिहायचं की एकत्र बसायचं?

तिघांचा गट आणि अहवालाचे सहा भाग: प्रश्न, पद्धत, आकडेमोड, तक्ते-आलेख, विश्लेषण, निष्कर्ष. प्रत्येकी दोन घेतले की झालं, असं पहिल्या वेळी जवळपास प्रत्येक गटाला वाटतं. वाटणी समान होते, पण अहवाल तीन तुकडे चिकटवल्यासारखा दिसतो आणि गुण तिथेच जातात. तपासणाऱ्याला मुख्यतः तीन गोष्टी हव्या असतात. लेखन एका हातचं वाटावं, आकडे आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळावेत, आणि गटातल्या कुणालाही कुठलीही ओळ विचारली तरी तिचं कारण सांगता यावं. लिहिण्याची रीत निवडताना या तिन्हींवर घासून पाहा. ‘सगळ्यांना सारखं काम’ ही कसोटी त्यानंतरची.

भाग वाटून

सगळ्यात जलद रीत हीच. अडचण भागांत नसते, सांध्यांत असते. ऑयलरच्या पद्धतीचं (वेळेचे छोटे टप्पे पाडायचे आणि दर टप्प्याला सध्याच्या वेगावरून पुढची किंमत काढत जायची) नेहमीचं प्रात्यक्षिक घ्या: राशीचा वाढीचा वेग तिच्या किमतीइतकाच, सुरुवातीची किंमत १, आणि १ एकक वेळेनंतरची किंमत काढायची. खरं उत्तर २.७१८३.

टप्पा ०.१: उत्तर २.५९३७, चूक ०.१२४५
टप्पा ०.०५: उत्तर २.६५३३, चूक ०.०६५०

टप्पा निम्मा केला की चूकही साधारण निम्मी होते (इथे गुणोत्तर १.९२ येतं), हे दाखवण्यासाठीच हा प्रयोग असतो. आता पहिली ओळ एकाने कॅल्क्युलेटरवर, दर पायरीला दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करत काढली आणि दुसरी ओळ दुसऱ्याने कोड लिहून काढली, असं समजा. पहिलं उत्तर २.६१ येतं, चूक ०.१०८३ होते आणि गुणोत्तर १.६७ वर घसरतं. निष्कर्ष लिहिणाऱ्याने मात्र पुस्तकात पाहून ‘चूक निम्मी झाली’ असं आधीच लिहून ठेवलेलं असतं. स्वतःच्या भागापुरतं प्रत्येकाचं बरोबर वाटतं, पण अहवाल चुकलेला असतो. टप्प्याला एकाने ‘एच’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘डेल्टा एक्स’, किंवा एकाचा कोन अंशांत आणि दुसऱ्याचा रेडियनमध्ये, हे त्याच जातीचे घोळ.

तरीही भाग वाटायचेच असतील तर आधी अर्ध्या पानाचा करार लिहा: चिन्हं कोणती, कोन कशात मोजायचे, तक्त्यात किती दशांश स्थळं. पूर्णांकन फक्त शेवटच्या आकड्याचं, मधल्या पायऱ्यांचं नाही.

पाळीने लिहिणं

एक जण आकडेमोड आणि आलेख करतो, दुसरा संपूर्ण मजकूर लिहितो, तिसरा तपासतो. पुढच्या अहवालाला भूमिका बदलतात. सत्रात तीन किंवा जास्त अहवाल असतील तर आमचं मत या रीतीच्या बाजूने आहे. मजकूर एका हातचा होतो, आणि त्याहून मोलाचं म्हणजे तपासणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम बनतं.

तपासनीसाचं काम शुद्धलेखन पाहण्यापुरतं नाही. प्रत्येक तक्त्यातले दोन आकडे त्याने स्वतः काढून पाहायचे आणि प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. न्यूटनच्या पद्धतीने (एका अंदाजापासून सुरू करून दर फेरीत तो सुधारत जायचा) क्ष³ − २क्ष + २ चं मूळ, म्हणजे ही राशी शून्य करणारी क्षची किंमत, शोधताना सुरुवात ० पासून केली, तर पुढची किंमत १ येते, तिच्यापुढची पुन्हा ०, आणि हे असंच चालू राहतं. कोड दहा फेऱ्यांनंतर थांबवला असेल तर तो निमूटपणे ० छापतो आणि लेखक ‘दहा फेऱ्यांत मूळ मिळालं’ असं लिहून मोकळा होतो. तपासनीसाने ० घालून पाहिलं की बाकी २ उरते आणि बिंग फुटतं. खरं मूळ −१.७६९३ च्या आसपास आहे. ही फसगत झाकू नका. पद्धत कुठे आणि का अडकते, हेच अशा अहवालातलं सगळ्यात वाचनीय पान असतं.

या रीतीचा तोटा असा की लेखक अडला तर सगळा गट अडतो. म्हणून आकडे आणि आलेख त्याच्या हातात मुदतीच्या निदान चार दिवस आधी पडायला हवेत.

एकत्र बसून

समज सगळ्यांची सारखी होते, त्यामुळे तोंडी परीक्षेला ही रीत सर्वांत बरी. वेळ मात्र अफाट जातो, आणि ज्याची बोटं जलद चालतात त्याचंच म्हणणं कागदावर उतरतं. पहिला अहवाल असा लिहा. नंतरच्या अहवालांत फक्त विश्लेषण आणि निष्कर्ष यांसाठी एकत्र बसा, कारण वाद व्हायचे ते तिथेच होतात.

दोघांच्या गटात लेखक आणि आकडेमोड करणारा एकमेकांचं तपासतात. चौघांचा गट असेल तर तपासनीस दोन ठेवा, लेखक दोन नकोत.

वर्ड की लेटेक (आज्ञा लिहून मजकूर मांडायची प्रणाली, समीकरणांना क्रमांक आपोआप देणारी), हा वाद रेंगाळवू नका. समीकरणं पाच-सहा असतील तर वर्ड पुरे. जास्त असतील तर लेटेक, कारण मध्ये एक समीकरण घुसवलं की हाताने टाइप केलेले ‘समीकरण ४ वरून’ सगळे चुकतात. लेटेकमध्ये एकाच फायलीत दोघं एका वेळी लिहीत असतील तर एका न मिटलेल्या कंसामुळे सगळ्यांचाच अहवाल छापायचा थांबतो. प्रत्येक भागाची फाइल वेगळी ठेवली की कंस कुठे राहिला ते लगेच सापडतं.

गणितातल्या संशोधनलेखांवर लेखकांची नावं सहसा वर्णानुक्रमे असतात, त्यावरून कुणी काय केलं ते कळत नाही. वर्गातल्या अहवालात मात्र ते विचारलं जातं. ‘सर्वांनी समान काम केलं’ असं लिहिण्याऐवजी ‘तक्ता २ आणि आलेख १: अमुक, त्यांची फेरतपासणी: तमुक’ इतकं नेमकं लिहा. आणि जमा करण्याच्या आदल्या दिवशी, ज्याने सगळ्यात कमी लिहिलं आहे त्याला पूर्ण अहवाल मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे अडखळेल ते वाक्य पुन्हा लिहा.