शहापूर-वडगाव परिसराची मोबाईलवरील बातमीसेवा : वर्षभराचा अनुभव

१९१९ साली सुरू झालेल्या ‘तरुण भारत’मुळे बेळगावच्या मराठी घरांत सकाळी स्थानिक बातम्या वाचण्याची सवय जुनी आहे, मात्र महापालिकेच्या ५८ प्रभागांच्या या शहरात आपल्याच गल्लीतील घडामोड छापील पानावर येईलच असे नाही, आणि ही उणीव आमच्या भागातील काही तरुणांनी चालविलेली मोबाईलवरील बातमीसेवा बऱ्याच अंशी भरून काढते, असे मी वर्षभर ती वाचल्यानंतर म्हणू शकतो.

तिचे सर्वांत मोठे काम म्हणजे कन्नडमधून निघणाऱ्या सरकारी सूचनांचा सोप्या मराठीत दिलेला आशय. राकसकोप जलाशयातून येणारे पाणी कोणत्या दिवशी सुटणार नाही, घरपट्टी भरण्याची मुदत कधी संपते, हे माझ्या आईसारख्या केवळ मराठी वाचणाऱ्या वृद्धांना आता शेजाऱ्यांना विचारावे लागत नाही. आषाढातील मंगाई देवीची यात्रा आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक यांच्या वेळी बंद रस्त्यांची माहिती आदल्या दिवशीच मिळाली, आणि ती अचूक होती.

निधनवार्तांच्या बाबतीत मात्र घाई होते. आमच्या नात्यातील एका काकांच्या अंत्ययात्रेची वेळ चुकीची आल्यामुळे काहींना अंत्यदर्शन घेता आले नाही. दुरुस्ती आली, पण दुपारनंतर. अशी बातमी कुटुंबाकडून खात्री केल्याशिवाय देऊ नये, असे मी चालकांना प्रत्यक्ष भेटून सांगितले. सेवा विनामूल्य असून जाहिराती अगदी मोजक्या असतात.