कॉल सर्व्हरसाठी अर्लांग की जावा?

टेलिफोनीत गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी आणि त्यासाठी काम क्षणभर थांबवणारी यंत्रणा) म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात, पण कलेक्टर आहे की नाही यापेक्षा तो थांबवतो कोणाला ते आधी बघा. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करायच्या पद्धतीत) साधारण दर २० मिलिसेकंदाला १६० बाइट आवाजाचं एक पॅकेट जातं, जावात सगळे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकच हीप (मेमरीचा साठा) वापरतात, म्हणजे जुन्या कलेक्टरने २०० मिलिसेकंद सगळं थांबवलं की प्रत्येक चालू कॉलची दहा पॅकेटं अडकली, समोरच्याचं "हॅलो" मधेच तुटलं आणि तेही सगळ्यांचं एकदम.

अर्लांग या भाषेचं काम एरिक्सनमध्ये १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यासमोर ठेवूनच सुरू झालं. तिथे प्रत्येक कॉलला स्वतःची छोटी प्रोसेस देता येते, तिची हीप वेगळी, साफसफाई तेवढ्यापुरतीच, बाकीचे आरामात बोलत राहतात. कॉल संपला की प्रोसेस गेली आणि तिची हीप एका झटक्यात मोकळी, बऱ्याचदा कलेक्टर चालायची वेळच येत नाही! मला ही रचना मनापासून आवडते. फक्त ६४ बाइटपेक्षा मोठ्या बायनरी (कच्च्या डेटाचे तुकडे) सगळ्या प्रोसेसमध्ये शेअर्ड असतात, त्यांचे रेफरन्स धरून बसलात तर मेमरी फुगत जाते, तिथे लक्ष ठेवा.

जावाला सरसकट बाद करू नका पण. सिप सिग्नलिंगमध्ये (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांत) पहिलं रीट्रान्समिट (उत्तर न आल्यास संदेश पुन्हा पाठवणं) डिफॉल्टने ५०० मिलिसेकंदांनी होतं, तेवढ्यात छोटा पॉज सहज खपतो, आणि जावाच्या जेडीके १५ आवृत्तीपासून झेडजीसी हा अगदी कमी थांबवणारा कलेक्टर प्रॉडक्शनला चालतो. टीमला जावा येत असेल तर सिग्नलिंग बिनधास्त त्यात करा. ऑडिओ मिक्सिंग आणि कोडेक मात्र दोन्हीतही नको, ते सी मध्येच, अ‍ॅस्टरिस्क आणि फ्रीस्विच हे कॉल सर्व्हर तसेच लिहिलेत.