सिंगल-स्टेज प्रेस आणि ३०० ग्रेनची ओतीव गोळी: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

मी माँटानात राहतो. एल्कच्या मोसमात रानात जाताना कमरेला रूगर सुपर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर असतं, .४४ मॅग्नम काडतुसाचं. (अस्वलासाठी पहिला भरवसा स्प्रेवरच, रिव्हॉल्व्हर नंतर.) जड ओतीव (साच्यात शिसं ओतून केलेल्या) गोळीचं एकेक काडतूस दुकानात दीड-दोन डॉलरला पडायला लागलं, तेव्हा घरीच भरायचं ठरवलं आणि आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर प्रेस, म्हणजे काडतुसाचे भाग दाबून जोडणारं हँडलचं यंत्र, आणला. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी नुसतं वाचावं.

प्रेसबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. बिडाचं धूड आहे, जाड फळीला बोल्टने आवळलं की झालं. हँडल एकदा ओढलं की एकच काम होतं. नवशिक्याला हेच बरं. प्रोग्रेसिव्ह मशीनवर एका ओढीत चार गोष्टी घडतात आणि त्यातली चुकलेली कोणती, ते कळत नाही.

पैसे घालायचे ते डायमध्ये (प्रेसमध्ये बसवायचे साचे) आणि तराजूत. डाय कार्बाइडच्या घ्या, पुंगळ्यांना (काडतुसाच्या पितळी नळ्यांना) वंगण चोळायची कटकट जाते. पण माझ्या संचातला पुंगळीचं तोंड फाकवणारा प्लग जॅकेटवाल्या (शिशावर तांब्याचं आवरण असलेल्या) गोळीच्या मापाचा निघाला. जॅकेटची गोळी ०.४२९ इंचाची, ओतीव ०.४३० किंवा ०.४३१ ची, शिवाय मऊ. तोंड पुरेसं फाकलं नाही की गोळी बसता बसता तिची साल निघते आणि पुंगळीच्या काठावर शिशाचं चकचकीत बारीक कडं जमतं. मोठा प्लग वेगळा मागवला आणि हा प्रकार थांबला.

तराजू काट्याचाच ठेवा. मी घेतलेला स्वस्त डिजिटल गॅरेज थंड असलं की आकडा बदलायचा, तो आता स्वयंपाकघरात मसाले मोजतो.

आता गोळीच्या वजनाकडे. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ही एकेक गोळी जवळजवळ पावणेदोन तोळ्यांची. बार उडाला की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं, सिलिंडरमधल्या बाकीच्या पुंगळ्याही त्याच्याबरोबर मागे येतात, पण एवढी जड गोळी जागची हलायला तयार नसते. दर बाराला ती केसभर पुढे सरकते. सरकत सरकत तिचं नाक सिलिंडरच्या बाहेर आलं की सिलिंडर फिरायचंच थांबतं. म्हणून गोळीच्या खाचेत पुंगळीचा काठ घट्ट वळवणारा रोल क्रिम्प हवाच. मी सहावं काडतूस व्हर्नियरने मोजून ठेवतो, पाच उडवतो आणि तेच पुन्हा मोजतो. लांबी वाढली असेल तर क्रिम्प कमी पडला.

नळीत शिसं चढतं म्हणून लोक जास्त कडक गोळ्या घेतात. बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. गोळी सिलिंडरच्या तोंडातून अंगठ्याने हलकं दाबल्यावर जायला हवी. नुसती सोडल्यावर घरंगळली तर ती बारीक आहे, आणि कडेने गरम वायू निसटून शिसं वितळवत नेणार.

पावडरचं प्रमाण इथे देत नाही, ते मॅन्युअलमधूनच घ्या, तेही सर्वात खालच्या आकड्यापासून. अपवाद एच ११० या पावडरीचा: ती मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा फार कमी करायची नसते, कंपनीच तसा इशारा देते. म्हणून सुरुवातीला मी २४०० नावाची पावडर घेतली. शेजारच्या आयडाहोतल्या, बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथचीही हीच आवडती. त्याच्याच आग्रहामुळे १९५५ मध्ये .४४ मॅग्नम जन्माला आलं. दुसरा फायदा असा, की भरपूर मात्रेत पुंगळी बरीच भरते, चुकून दोनदा पडली तर पावडर सांडून दिसते. तरीही पन्नास पुंगळ्यांचा ट्रे टॉर्चखाली बघितल्याशिवाय मी एकही गोळी बसवत नाही.

खर्च साधारण निम्म्यावर आला. पण खरं सांगायचं तर पूर्ण ताकदीची काडतुसं मी थोडीच भरतो. मनगट नको म्हणतं. सरावाला २४० ग्रेनची मध्यम भरलेली गोळी, मोसमाआधी थोडी जड.

टेबलापाशी खाणं-पिणं बंद, उठल्यावर हात साबणाने धुवायचे, पुंगळ्या घासायचं यंत्र घराबाहेर, कारण त्या धुळीत प्रायमरचं (पावडर पेटवणाऱ्या टोपीचं) शिसं असतं. स्वतः गोळ्या ओतायचा मोह झाला होता, पण गॅरेजमध्ये मुलं सायकली घेऊन ये-जा करतात, त्यामुळे ओतलेल्या विकतच आणतो.

वर्षाला एखादं-दुसरं खोकं उडवणाऱ्याने मात्र या भानगडीत पडू नये, सामानाचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत.