सात इंची की बारा इंची?

नाशकात बसून परदेशी पॉपच्या तबकड्या जमवायच्या तर पहिला प्रश्न हाच. सात इंची सिंगल १९४९ पासूनची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी. एका बाजूला तीन-चार मिनिटांचं एक गाणं. हलकी, सुटसुटीत, पंचवाटी एक्सप्रेसने मुंबईहून आणताना पिशवीत मावते. इथल्या जुन्या कपाटांतून मात्र या आकारात बहुतेक हिंदी चित्रपटगीतांच्या ईपीच (एका तबकडीवर चारेक गाणी) निघतात.

माझा कल बारा इंची सिंगलकडे. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या टॉम मोल्टन या रीमिक्स करणाऱ्याने डिस्कोसाठी गाणी लांबवायला घेतली. मोठ्या तबकडीवर खाचा ऐसपैस मावतात, म्हणून आवाज चढा आणि बास भरदार कोरता येतो. १९७६ मध्ये सॅलसोल या रेकॉर्ड कंपनीने अशी सिंगल दुकानांत विक्रीला आणली. अशा लांबवलेल्या गाण्यातला मधला, नुसत्या ड्रम-बासचा तुकडा खरा डीजेंच्या सोयीचा, पण घरी ऐकतानाही मजा तिथेच. काही रीमिक्स म्हणजे पाणी घालून वाढवलेलं वरण, हेही खरं!

घेताना तबकडी उजेडात तिरकी धरून चरे बघा. सात इंचीचं मधलं भोक मोठं असेल तर अडॅप्टर लागेल. बारा इंची उभीच ठेवा, आणि एप्रिल-मेत पत्र्याखालच्या खोलीत तर नकोच, उन्हाने वाकते.