गाणारं घड्याळ घ्यावं की टोले देणारं?

आवाज करणारं यांत्रिक घड्याळ घ्यायचं मनात आलं की तीन प्रकार समोर येतात: धून वाजवणारं, विचारल्यावर वेळ सांगणारं आणि तास भरला की आपणहून टोला देणारं. जाहिरातीत तिघांनाही 'संगीतमय' म्हटलं जातं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. धून वाजवणाऱ्या घड्याळात आपण एक आठवण विकत घेतो. टोले देणारं घड्याळ आत्ताची वेळ ऐकवतं. यातलं आपल्याला काय हवंय हे आधी ठरवा, कंपनी आणि किंमत मग बघू.

धुनेपासून सुरुवात करतो, कारण पहिल्या भेटीत तीच जिंकते. 1796 साली जिनिव्हातल्या अँटवान फाव्र या घड्याळजीनं घंटा आणि हातोडी बाजूला ठेवून पोलादी पट्टीचे दाते छेडायची युक्ती काढली. आजही तेच तंत्र आहे. बारीक खुंट्या असलेली चकती किंवा रूळ फिरतो, खुंटी फणीच्या दात्याला उचलून सोडते आणि दाता झंकारतो. ब्रेगे कंपनीच्या 'ला म्युझिकाल'मध्ये एका आवृत्तीत बाखची धून आहे, दुसरीत रॉसिनीची. युलिस नार्दांनं 2013 साली काढलेलं 'स्ट्रेंजर' हे घड्याळ फ्रँक सिनात्राच्या आवाजात गाजलेलं 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' वाजवतं आणि त्याची चकती थेट तबकडीवरच दिसते. जेकब अँड कंपनीचं 'ऑपेरा' तर दोन रुळांवर वाजतं. समोर खुंट्या सरकताना दिसतात आणि त्यातून ओळखीचे सूर येतात, तेव्हा माणूस वयानं कितीही मोठा असो, चेहरा लहान मुलासारखा होतोच. हा आनंद खरा आहे, त्याला कमी लेखू नका.

पण धून एकच असते. आज, पुढच्या दिवाळीला आणि वीस वर्षांनीही तीच, तेवढीच, काही सेकंदांची. तिच्याशी तुमचं काही जोडलेलं असेल, लग्नातलं गाणं असेल, वडील शीळ घालायचे ती चाल असेल, तर हे एकसारखेपणच त्या घड्याळाचं मोल ठरतं. नसेल, तर पाहुण्यांना ऐकवून झालं की कळ दाबायला बोट जात नाही. कंपनीनं निवडलेली धून तुमची होईलच असं नाही. ज्यांचे कान आपल्या संगीतावर घडलेत त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फणीचा एक दाता म्हणजे एक पक्का सूर. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं त्याला शक्य नाही, म्हणजे मींड नाही. एखादं भावगीत हौसेनं त्यावर बसवून घेतलं तरी चाल ओळखू येईल, पण ज्या हरकतीसाठी आपण ते गाणं ऐकतो ती गळून जाईल. पाश्चात्त्य धुना सुट्या सुट्या सुरांत मांडता येतात, म्हणून त्या इथे शोभतात.

मनापासून धूनच हवी असेल तर माझं मत सरळ आहे: मनगटाचा हट्ट सोडा आणि स्वित्झर्लंडच्या सँत-क्रोआ गावाकडे बघा. 1865 पासून नाव चालवत आलेली रूज ही कंपनी तिथलीच, पेटीत वाजणारं यांत्रिक संगीत हेच तिचं काम. लाकडी पेटीत दाते कितीतरी जास्त मावतात, लाकूड सुराला आस देतं, हवी ती धून बसवून घेता येते आणि खर्चही संगीत वाजवणाऱ्या मनगटी घड्याळाच्या मानानं बराच कमी.

आता मिनिट रिपीटर, म्हणजे विचारल्यावर मिनिटापर्यंत वेळ सांगणारं घड्याळ. माझं मन इथे रमतं, हे लपवत नाही.

विजेचे दिवे नव्हते तेव्हा रात्री वेळ कळायची कशी, या साध्या गरजेतून हे यंत्र जन्मलं. इंग्लंडमध्ये एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर यांच्यात श्रेयावरून वाद झाला आणि 1687 साली राजानं क्वेअरच्या बाजूनं कौल दिला. पुढे 1783 च्या सुमाराला, ज्याच्या नावाची कंपनी वर आली त्या अब्राहम-लुई ब्रेगेनं, आतली घंटा काढून यंत्राभोवती वळवलेली पोलादी तार बसवली, त्यामुळे घड्याळ बारीक झालं आणि नाद गोड. घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, म्हणजे केसच्या, कडेला एक सरकवायची पट्टी म्हणजे सरक असते. ती अंगठ्यानं ओढली की टोल्यांपुरती वेगळी स्प्रिंग भरते, म्हणजे ऐकण्यासाठी लागणारी शक्ती तुम्हीच देता. मग आधी खालच्या सुरात तास, नंतर दोन सुरांच्या जोड्यांत पाव तास, शेवटी वरच्या सुरात उरलेली मिनिटं. 3:38 ला तीन टोले, दोन जोड्या आणि आठ टोले: साडेतीन होऊन आठ मिनिटं. 12:59 ला हातोड्या सगळ्यात जास्त राबतात. बरोबर एक वाजता एकच टोला पडतो आणि पुढे शांतता.

अशा 720 वेगवेगळ्या रचना यात आहेत. मध्यरात्री जाग आली, दिवा लावायचा नाही, शेजारी कोणी झोपलंय, अशा वेळी अंधारात हा जो कोवळा नाद येतो त्यात आपण विचारलं आणि आपल्यालाच उत्तर मिळालं ही भावना असते. धून हे देऊ शकत नाही. मुंबईच्या 1878 साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरबद्दल सांगतात की प्रेमचंद रायचंद यांनी तो उभारायला पैसे दिले ते दृष्टी गेलेल्या आईला टोल्यांवरून वेळ कळावी म्हणून. वेळ ऐकण्यामागची माया ती हीच. पाटेक फिलिपमध्ये प्रत्येक रिपीटर बाहेर पडण्याआधी कंपनीचे प्रमुख स्वतः ऐकतात, कारण नाद बरा की वाईट हे शेवटी कानच ठरवतो.

तिसरा प्रकार थोडक्यात. तास भरला की एक टोला, बस. 2022 साली ख्रिस्तोफर वॉर्ड या कंपनीनं 'बेल कांतो' काढलं आणि तीन-चार हजार पौंडांत हा अनुभव आणून ठेवला. नामवंत कंपनीचा रिपीटर घ्यायचा तर बोलणं कोटींत जातं, त्यामुळे हा फरक लहान नाही. इथे आपण विचारत नाही, घड्याळ आठवण करून देतं. कामात बुडालेल्या माणसाला तासाला एकदा होणारा तो नाद फार जवळचा वाटू शकतो. बैठकीत नको असेल तेव्हा तो बंदही करता येतो.

भावनेच्या भरात राहून जातात अशा काही गोष्टी. बहुतेक रिपीटर पाण्यापासून सुरक्षित नसतात, कारण सरकेसाठी केसमध्ये फट लागते आणि जाड रबरी सील नाद खातात. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर आणि मे महिन्यातला घाम यांचा विचार करा. केससाठी प्लॅटिनम मानाचं असलं तरी ते जड, नाद दाबतं. गुलाबी सोन्यात तो उबदार येतो, टायटॅनियममध्ये मोठा आणि मोकळा. टोले पडत असताना काटे फिरवू नयेत, आतले भाग तुटू शकतात. दुरुस्तीला घड्याळ बहुधा कारखान्यात परत पाठवावं लागतं, त्यामुळे किती महिने लागतील आणि साधारण काय खर्च येईल हे आधी लेखी घ्या.

ऐकताना शोरूमचं संगीत आणि एसी बंद करायला सांगा. घड्याळ टेबलावर ठेवून ऐकू नका, लाकडावर नाद फुगतो. स्वतःच्या मनगटावर बांधून ऐका, कारण अंगाला लागलं की आवाज कमी होतो आणि रोज तोच ऐकायचा आहे. 12:59 ला लावून सगळे टोले मोजा: लय सारखी हवी, जोड्यांमध्ये अडखळ नको, आणि वेग आवरणाऱ्या चक्राची घरघर टोल्यांच्या वर येता कामा नये.

जवळच्या माणसाचं गाणं कायम ठेवायचं असेल तर पेटी घ्या. बजेट लाखांतच असेल तर तासाला टोला देणारं घ्या, नाहीतर लिलावातलं जुनं, पाव तासापर्यंत वेळ सांगणारं खिशातलं घड्याळ शोधा, मात्र ते जाणकाराकडून उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कोटींचा खर्च खरंच झेपत असेल, दोन्ही समोर असतील, तर धून वाजवणाऱ्यावर तो करू नका. रिपीटर घ्या.